डोळा किलकिला करतोय म्हणजे दुखतोय : कुत्र्यांच्या डोळ्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की कुत्र्यांच्या डोळ्यांबद्दल काय विचारायचं ते पाठवा, तर खरंच भरपूर पत्रं आली, अगदी बारा दिवसांच्या पिल्लापासून चौदा वर्षांच्या म्हातारीपर्यंत. सगळी इथे मावणार नाहीत पण बऱ्याच जणांचे प्रश्न सारखेच होते, म्हणून त्यातली ही सात घेतली आहेत. आधीच सांगते, मी पत्र वाचून डोळा तपासू शकत नाही. कुठे थांबलं तर चालेल आणि कुठे आत्ताच्या आत्ता गाडी काढायची एवढं मात्र नक्की सांगू शकते, आणि डोळ्याच्या बाबतीत तोच फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे.

प्रश्न : डॉक्टर, आमच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली, आज बारावा दिवस. तिघांचे डोळे उघडलेत, दोघांचे अजून बंद आहेत, आणि त्यातल्या एकाची पापणी जरा फुगल्यासारखी वाटतेय. ओल्या कापसाने हळूच उघडून बघू का?

ताई, बंद आहेत याची काळजी करू नका, फुगलीय याची करा. पिल्लांचे डोळे साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसात उघडतात, एखादं दोन दिवस मागेपुढे होतं, आणि एकाच वेळच्या भावंडांतही सगळ्यांचे एकाच दिवशी उघडत नाहीत. आतला डोळा तयार व्हायचा असतो तोवर ती पापणी म्हणजे त्याचं झाकण असतं, ते आपण बोटांनी उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

पण बंद पापणीखाली फुगवटा आला किंवा कोपऱ्यातून पिवळं काही झिरपताना दिसलं तर आत पू साठलाय असं धरून चाला. त्याला बाहेर पडायला जागा नसते, तो आतल्या आत कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला खात बसतो आणि पिल्लू जन्माची नजर घालवू शकतं. आजच व्हेटकडे न्या, उद्यावर ढकलू नका. तिथे पापणी अलगद मोकळी करून पू धुऊन काढतात आणि औषध देतात. तोवर स्वच्छ कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कापूस पापणीवर नुसता ठेवा, दाबू नका, ओढू नका. बाकीच्या चार पिल्लांचे डोळे पण रोज बघत राहा, कारण जंतू आईकडून किंवा अंथरुणातून आले असतील तर सगळ्यांनाच येऊ शकतात.

आणि हो, उघडल्यावर डोळे निळसर धुरकट दिसतील, घाबरू नका, नव्या पिल्लांचे तसेच असतात. सुरुवातीला त्यांना उजेड आणि हलणारी सावली एवढंच कळतं, नीट दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर खूप प्रखर उजेड, डोळ्यावर मोबाईलचा फ्लॅश, हे टाळा.

प्रश्न : आमचा बीगल सात महिन्यांचा आहे, त्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात अचानक लाल गोळा आलाय, चेरीसारखा. एकाने सांगितलं की छोटासा आहे, कापून टाका, पाच मिनिटांचं काम. कापू का?

नका कापू. प्लीज नका कापू.

याला चेरी आयच म्हणतात. कुत्र्याला आपल्यापेक्षा एक पापणी जास्त असते, आतल्या कोपऱ्यात लपलेली तिसरी पापणी, आणि तिच्या मुळाशी अश्रूंची एक ग्रंथी असते. ती ग्रंथी धरून ठेवणारा धागा काही कुत्र्यांत जन्मतःच कमजोर असतो, मग ती वर उसळून बाहेर दिसायला लागते. बीगल, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग, शित्झू यांच्यात जास्त, आणि बहुतेक वेळा दोन वर्षांच्या आतच. म्हणजे तो गोळा ही गाठ नाहीये, तो त्याचा स्वतःचा कामाचा अवयव आहे जो जागेवरून सरकलाय. डोळ्यातल्या पाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, ही ग्रंथी तयार करते. कापलीत तर आज डोळा छान दिसेल आणि काही वर्षांनी तो कोरडा पडेल, मग आयुष्यभर दिवसातून दोन-तीनदा ड्रॉप्स घालत बसावं लागेल. आता ऑपरेशन असं करतात की ग्रंथी परत आत बसवून टाके घालतात, क्वचित ती पुन्हा बाहेर येते आणि पुन्हा बसवावी लागते, तरी तेच बरं. रात्रीत धावायची इमर्जन्सी नाही, पण महिनोन्महिने तशीच ठेवू पण नका, बाहेर राहिली की सुजते, सुकते आणि बसवणं अवघड होतं. दुसऱ्या डोळ्यावर पण लक्ष ठेवा, बऱ्याचदा तिथेही येते.

प्रश्न : मॅडम, आमच्या लॅबचा डोळा कालपासून लाल आहे, पाणी येतंय, तो डोळा अर्धा मिटूनच ठेवतो. सहा महिन्यांपूर्वी त्याला असंच लाल झालं होतं तेव्हा दिलेले ड्रॉप्स घरात आहेत, अजून अर्धी बाटली शिल्लक आहे, तेच घालू का? तो जेवतोय, खेळतोय, रडत वगैरे अजिबात नाही, म्हणजे दुखत नसावं.

दादा, या एका पत्रासाठी मी अख्खा कॉलम दिला असता.

आधी दुखण्याचं. कुत्रं डोळा दुखला म्हणून रडत नाही. पायाला लागलं तर केकाटेल, लंगडेल, पण डोळ्याचं दुखणं ते डोळा किलकिला करून सांगतं, दुसरी भाषाच नाही त्याच्याकडे. अर्धा मिटलेला डोळा, उजेडाकडून तोंड फिरवणं, पंजाने चोळणं, गालिच्यावर तोंड घासणं, एरवीपेक्षा जास्त झोपणं, हे सगळं दुखतंय असंच वाचायचं. जेवतोय हा काही पुरावा नाही, लॅब तर कसाही असला तरी जेवतो.

आता ड्रॉप्सचं. लाल डोळा हे एका आजाराचं नाव नाही. सहा महिन्यांपूर्वी साधी अॅलर्जी असेल आणि आज कॉर्नियाला गवताचं पातं लागून जखम झाली असेल, बाहेरून दोन्ही सारखेच लाल दिसतात. गेल्या वेळच्या त्या बाटलीत बहुतेक स्टिरॉइड असणार. लेबल वाचा, डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असं काही लिहिलेलं असेल, अँटिबायोटिकबरोबर एकत्र पण असतं. स्टिरॉइड लाली आणि सूज फार पटकन उतरवतं म्हणून सगळ्यांना आवडतं, पण कॉर्नियावर जखम असताना ते घातलं तर जखम भरणं थांबतं, जंतूंना रान मोकळं मिळतं, आणि कॉर्निया अक्षरशः विरघळायला लागू शकतो. कुत्र्याच्या कॉर्नियाची जाडी अर्ध्या मिलीमीटरच्या जरा वर, तिथे भोक पडायला वेळ लागत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. प्रॅक्टिस सुरू करून मला वर्षही झालं नव्हतं, एक छोटी केसाळ कुत्री आली, डोळा लाल, पाणी, गर्दीची वेळ होती, मला वाटलं अॅलर्जीच आहे, डाय टाकून बघितलं नाही आणि स्टिरॉइडचे ड्रॉप्स लिहून दिले. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंचा फोन आला की लाली खूप कमी झालीय, छान वाटतंय. चौथ्या दिवशी त्या तिला उचलून घेऊन आल्या तेव्हा डोळ्याच्या मधोमध राखाडी जेलीसारखं काहीतरी लोंबत होतं. डोळा वाचला नाही. त्या बाई मला काहीच बोलल्या नाहीत, आणि ते मला अजून लागतं. त्या दिवसापासून आजवर एकही लाल डोळा मी डाय टाकल्याशिवाय घरी पाठवलेला नाही.

ती डायची टेस्ट म्हणजे काय तर फ्लोरेसिन नावाचा नारिंगी रंगाचा कागद ओला करून डोळ्याला लावतात, मग धुऊन निळ्या उजेडात बघतात, जिथे जखम असते तिथेच तो रंग चिकटून हिरवा चमकतो. दोन मिनिटं लागत नाहीत, दुखत नाही. तुम्ही पण विचारायला शिका, 'डॉक्टर, डाय टाकून बघितलं का?' चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

वरवरची साधी जखम नीट औषध मिळालं तर साधारण आठवड्यात भरते. नाही भरली तर काहीतरी कारण आतच बसलंय, पापणीखाली कुसळ असेल, पापणीच्या आतून उगवलेला एखादा उलटा केस असेल, डोळा कोरडा असेल, किंवा कुत्रं वयस्कर असेल तर वरचा थर खालच्याला धरतच नसेल (बॉक्सरमध्ये हे खूप), अशा वेळी परत परत तेच ड्रॉप्स न घालता पुन्हा दाखवा. आणि पंजा डोळ्यापर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात कोन, म्हणजे प्लास्टिकची ती मोठी कॉलर, घालून ठेवा, त्याला आवडणार नाही, तुम्हाला दया येईल, तरी काढू नका. पंज्याचा एक फटका आठवड्याभराचं काम घालवतो.

तर तुमच्या लॅबला आजच न्या. उघडून सहा महिने झालेली बाटली फेकून द्या, डोळ्याचे ड्रॉप्स एकदा उघडले की साधारण महिनाभरच वापरायचे असतात, त्याच्यावर एक्सपायरी दोन वर्षांनंतरची असली तरी. जाईपर्यंत काही करायचंच असेल तर साध्या निर्जंतुक सलाईनने डोळा धुवा. साबण, शाम्पू, फरशी पुसायचं लिक्विड असलं काही उडालं असेल तर मात्र आधी तिथल्या तिथे पंधरा-वीस मिनिटं सलग धुवायचं, सलाईन नसेल तर स्वच्छ पाण्याने, आणि मगच निघायचं.

प्रश्न : ड्रॉप्स घालायला गेलं की आमचा पळून जातो, दोघांनी धरावं लागतं, अर्धे ड्रॉप्स नाकावर पडतात.

समोरून जाऊ नका. समोरून बाटली घेऊन येणारा हात कोणालाही नको वाटेल. त्याला बसवा, पाठ तुमच्या पायांना टेकलेली, म्हणजे मागे सरकता येत नाही, तुम्ही मागून वाका, एका हाताने हनुवटी वर करा, दुसऱ्या हाताचा तळवा कपाळावर टेकवून त्याच हाताने वरची पापणी जरा वर ओढा आणि वरून एक थेंब सोडा. एकच. डोळ्यात त्याहून जास्त राहतच नाही, बाकीचं गालावरून वाहून जातं. बाटलीचं तोंड डोळ्याला लागू द्यायचं नाही. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये पाचेक मिनिटं सोडा, मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येक वेळी लगेच खाऊ, अगदी प्रत्येक वेळी.

खरं म्हणजे याची सवय औषध लागायच्या आधीच लावायला हवी. पिल्लू घरी आलं की पहिल्या आठवड्यापासून रोज एकदा उजेडात त्याचं तोंड हातात घ्यायचं, दोन्ही डोळे बघायचे, खालची पापणी किंचित खाली करून आतला गुलाबी रंग बघायचा, ओल्या कापसाने आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला पुसायचं (प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस), खाऊ द्यायचा, सोडायचं. अर्धा मिनिट. यातून दोन गोष्टी होतात, कुत्र्याला सवय लागते आणि तुम्हाला त्याचा नेहमीचा डोळा कसा दिसतो ते पाठ होतं, मग जरासा फरक पडला तरी तो तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसतो.

प्रश्न : पग पाळलाय. त्याचा डोळा बाहेर येऊ शकतो असं ऐकलं आणि झोप उडाली. खरं आहे का? शिवाय नाकाकडच्या बाजूने डोळ्यावर तपकिरी डाग पसरतोय, तो काय आहे?

खरं आहे. पग, पेकिंगीज, शित्झू यांच्या डोळ्याची खोबण इतकी उथळ असते की मारामारीत, जोराच्या धक्क्याने, कधी कधी मानेची कातडी मागे खेचल्यानेसुद्धा डोळा पापणीच्या बाहेर येतो. म्हणून गळ्यातला पट्टा नको, छातीचा हार्नेस वापरा, मानेला धरून उचलू नका, मोठ्या दांडगट कुत्र्यांबरोबर एकटं सोडू नका. झालंच तर डोळा स्वतः आत ढकलायचा नाही, सलाईनने भिजवलेला कापडाचा तुकडा वर ठेवायचा, सतत ओला ठेवायचा, चोळू द्यायचं नाही आणि निघायचं.

तपकिरी डागाकडे मात्र तुम्ही जास्त लक्ष द्या, कारण डोळा बाहेर येणं क्वचित होतं आणि हा डाग पगमध्ये फार जणांना होतो. सतत घासून किंवा कोरडं पडून कॉर्नियावर रंगद्रव्य साठत जातं, हळूहळू बाहुलीवर येतं आणि कुत्र्याला पडद्याआडून बघितल्यासारखं होतं. नाकाच्या वळीचे केस डोळ्याला लागतात का, पापणी आत वळलीय का, अश्रू पुरेसे आहेत का हे तपासून घ्या. अश्रूंची टेस्ट म्हणजे खालच्या पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवून ती किती भिजते ते मोजतात, १५ मिलीमीटर किंवा जास्त म्हणजे ठीक, १० च्या खाली म्हणजे कोरडा डोळा. कोरड्या डोळ्याला चिकट, दाट, हिरवट-पिवळी चिपडं येतात आणि सगळे त्याला इन्फेक्शन समजून महिनोन्महिने अँटिबायोटिक घालत राहतात. त्यावर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस लागतं, बहुधा कायमचं, पण फरक खूप पडतो.

प्रश्न : आमची कॉकर आठ वर्षांची. तीन महिन्यांपूर्वी शनिवारी संध्याकाळी एक डोळा लाल आणि निळसर दिसला, आम्ही म्हटलं सोमवारी नेऊ. सोमवारी कळलं काचबिंदू, नजर गेली, नंतर डोळा काढावा लागला. आता दुसऱ्या डोळ्याचं काय? आणि आम्ही शनिवारीच गेलो असतो तर?

ताई, दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देते कारण तुम्हाला तेच हवंय असं पत्र वाचून वाटलं. शनिवारी गेला असतात तर कदाचित डोळा वाचला असता, कदाचित नसता. काचबिंदू, म्हणजे डोळ्याच्या आतलं प्रेशर, असा एकदम चढला की काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत मागची नस कायमची मरते, आणि कॉकरमध्ये हा अंगातच असतो, कधी सुरू झाला ते कोणालाच नक्की कळत नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. लाल डोळा म्हणजे सुट्टीच्या दिवशीसुद्धा निघायचं हे फार थोड्या लोकांना माहीत असतं, म्हणून तर तुमचं पत्र मी छापतेय.

आता दुसरा डोळा. आधी एक विचारून घ्या, काचबिंदू मूळचा होता की आतल्या सुजेमुळे वगैरे झाला होता. मूळचा असेल तर तो पुढेमागे दुसऱ्या डोळ्यातही येतोच असं समजून वागायचं. आजच्या घडीला तो डोळा छान दिसत असला तरी प्रेशर कमी ठेवणारे ड्रॉप्स आत्ताच सुरू करतात, त्यामुळे येणं बरंच लांबतं. दर दोन-तीन महिन्यांनी प्रेशर मोजून घ्या, साधारण १० ते २५ च्या दरम्यान असायला हवं. गळ्यातला पट्टा इथेही नको, मानेवर ताण आला की डोळ्यातलं प्रेशर वाढतं. आणि तुमच्या व्हेटकडून आधीच विचारून ठेवा की रात्री-अपरात्री झालं तर कुठे जायचं, घरात कोणतं औषध ठेवायचं. लाल डोळा, बुबुळ धुरकट, बाहुली मोठी होऊन उजेडात पण बारीक न होणारी, कुत्री गप्प गप्प, डोक्याला हात लावू देत नाही, यातलं काही दिसलं की घड्याळ सुरू झालं.

डोळा काढला याचं वाईट वाटून घेऊ नका. तसा डोळा सतत ठणकत असतो, आपल्या अर्धशिशीसारखा, आणि काढल्यावर आठवड्याभरात कुत्री पुन्हा खेळायला लागली असं कितीतरी घरांतून मी ऐकलंय. तुमचीही खेळते आहे असं तुम्हीच पत्रात खाली लिहिलंय.

प्रश्न : आमचा मोती दहा वर्षांचा, दोन्ही डोळे निळसर झालेत. मोतीबिंदूच ना? ऑनलाइन मोतीबिंदू विरघळवणारे ड्रॉप्स मिळतात ते चालतील का? आणि याची बहीण चौदाची आहे, तिला आता बहुतेक दिसतच नाही, तिच्यासाठी काय करू?

काका, बहुतेक मोतीबिंदू नसावा. डोळ्यातलं भिंग आयुष्यभर बाहेरून नवे थर चढवत राहतं, जुने आत दाबले जातात, सहा-सात वर्षांनंतर मधला भाग इतका घट्ट होतो की उजेड पडल्यावर निळसर धुकं दिसतं. हे म्हातारपणाचे पांढरे केस समजा, नजरेवर फारसा परिणाम होत नाही. मोतीबिंदू पांढरा दिसतो, दुधाळ किंवा फुटलेल्या बर्फासारखा. एक घरगुती खूण म्हणजे अंधारात थोड्या लांबून टॉर्च दाखवा, डोळा नेहमीसारखा हिरवा-पिवळा चमकला तर उजेड मागच्या पडद्यापर्यंत जाऊन परत येतोय, मोतीबिंदू पिकला असेल तर ती चमक अडते. तरी व्हेटकडून एकदा खात्री करून घ्याच.

विरघळवणारे ड्रॉप्स घेऊ नका, मोतीबिंदू ड्रॉप्सने जात नाही, ऑपरेशननेच जातो, आणि त्याआधी पडदा जिवंत आहे का ते मशीनवर तपासतात कारण पडदाच गेला असेल तर ऑपरेशनचा काही उपयोग नाही. भिंग काही आठवड्यांतच पांढरं झालं आणि सोबत पाणी खूप पितोय, लघवी वाढलीय, खाऊनही बारीक होतोय असं असेल तर पहिली रक्तातली साखर तपासा. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्षभरातच मोतीबिंदू होतो.

आता बहीण. तिला किती दिसतं ते बघायला तिच्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडा, त्याचा आवाज होत नाही आणि वारा लागत नाही, नजर मागोमाग गेली तर दिसतंय. आधी फक्त अंधारात अडखळायची आणि मग दिवसा पण, असं झालं असेल तर मागचा पडदा हळूहळू झिजलाय. एका रात्रीत गेलं असेल तर लगेच दाखवा. डोळे लाल नाहीत आणि दुखत नाहीत ना हे पण बघून घ्या, आंधळा डोळासुद्धा दुखू शकतो.

बाकी कुत्र्याचं अर्धं जग नाकात आणि कानात असतं, ती तुमच्यापेक्षा लवकर सावरेल. खुर्च्या-टेबलं हलवू नका. पाण्याचं भांडं आहे तिथेच ठेवा आणि त्याखाली खरखरीत पायपुसणं टाका म्हणजे पायाला कळतं की आलं. जिन्याला आडवी फळी लावा. हात लावायच्या आधी आवाज द्या, झोपेत असेल तर दोनदा. मोतीच्या पट्ट्याला छोटी घंटा बांधा, ती त्याच्या मागोमाग चालेल. टोकदार कोपऱ्यांना फडकी गुंडाळा. रोजचा फिरायचा रस्ता बदलू नका, दोरी जरा आखूड धरा, आणि पायरी आली की दर वेळी एकच शब्द वापरा, 'वर' किंवा 'खाली', घरात सगळ्यांनी तोच. महिन्याभरात काय झालं ते मला नक्की कळवा.